केप वाजते, बार उडत नाही: स्मिथ कार्बाइनच्या पितळी पुंगळ्यांची दुखणी

आधी लक्षणं. तुमचं दुखणं यांतलं कुठलं ते ताडून पाहा. सगळी एकाच दिवशी एकाच बंदुकीत दिसली तरी घाबरू नका, माझ्या बंदुकीत दिसून गेली आहेत.

घोडा पडतो, केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) कडक वाजते आणि पुढे काहीच होत नाही. दुसरी केप लावली की तीच पुंगळी (दारू आणि गोळी भरलेली काडतुसाची नळी) निमूट उडते.

केप वाजते, ‘फिस्स’ होतं, पापणी लवेल इतका वेळ जातो आणि मग बार होतो. तोवर नेम हललेला असतो.

सकाळचा पहिलाच बार फुसका, मग दिवसभर तक्रार नाही. किंवा नेमकं उलट: पहिले आठ-दहा बार छान, मग दर दोन-तीन बारांमागे एक फुसका.

बार उडतो, पण बंदुकीच्या जोडातून धूर निसटतो, गालावर गरम फुंकर येते, आणि उघडून पाहिलं की जोडाभोवती काळा पट्टा दिसतो.

आणि सगळ्यात वैताग आणणारं: पुंगळी आत गेली ती बाहेर यायला तयार नाही.

मी राहतो व्हर्जिनियात. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या बंदुकांच्या नेमबाजीचा नाद मला इथल्याच एका शेजाऱ्यामुळे लागला. ‘नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन’ ही त्या खेळाची १९५० सालची संघटना; तिचं मैदान, फोर्ट शेनंडोआ, विंचेस्टर गावाजवळ आहे. तुकड्या उभ्या राहतात, घड्याळ लावतात आणि समोर टांगलेल्या मातीच्या चकत्या कोण आधी फोडतंय ते पाहतात. अशा खेळात एक फुसका बार म्हणजे सगळ्या तुकडीचे सेकंद पाण्यात. माझी बंदूक इटलीत बनलेली, त्या युद्धातल्या स्मिथ कार्बाइन या आखूड बंदुकीची प्रतिकृती. तिच्या पुंगळ्या पितळेच्या, पुन्हा पुन्हा भरायच्या. तिचे नखरे मी इतक्या वेळा काढले आहेत की आता तुकडीत कुणाची केप नुसती वाजली की माना माझ्याकडे वळतात.

खरं तर हे दुखणं मला लहानपणापासून ओळखीचं. कोकणात आजोबांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. पावसाळी हवेत ती हमखास दगा द्यायची आणि आजोबा डुकराच्या दिशेने नव्हे तर बंदुकीकडे बघत म्हणायचे, ‘केप वाजली, बार खंय गेलो?’ हा लेख त्याच प्रश्नाचं उत्तर आहे, फक्त काडतुसाच्या बंदुकीपुरतं.

दुरुस्तीच्या आधी

फुसका बार हा मेलेला बार नसतो. आत ठिणगी धुमसत असू शकते. केप वाजून बार उडाला नाही तर बंदूक खाली घ्यायची नाही, वळायचं नाही, उघडायची तर नाहीच. नळी समोरच्या मैदानाकडे रोखून निदान पूर्ण एक मिनिट थांबा. तुमच्या रेंजचा नियम याहून जास्त वेळाचा असेल तर तोच खरा. मग नळी न हलवता दुसरी केप. तीही फुकट गेली तर पुन्हा तेवढंच थांबून रेंजच्या अधिकाऱ्याला हाक मारा.

खाली सांगितलेली सगळी तपासणी रिकाम्या बंदुकीची आणि रिकाम्या पुंगळीची आहे. भरलेल्या पुंगळीत तार, सुई, टाचणी काहीही खुपसू नका. न उडालेली पुंगळी रिकामी करायची असेल तर गोळी हाताने हलवून काढा आणि दारू पाण्यात ओता.

या बंदुकांत फक्त काळी दारू चालते. धूररहित आधुनिक दारू चिमूटभरसुद्धा नाही. आणि भारतात वाचणाऱ्यांसाठी: १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली अशा बंदुकीला परवाना लागतो, तेव्हा प्रतिकृती म्हणजे खेळणं असं समजून काही मागवायला जाऊ नका. अमेरिकेतही राज्याराज्यांचे कायदे निराळे आहेत.

जाळाची वाट

तपासणी कशासाठी करतोय हे कळायला एवढं डोक्यात हवं. आजच्या काडतुसाच्या बुडातच केप बसवलेली असते. स्मिथमध्ये तसं नाही. केप बाहेर, निपलवर, म्हणजे ती बसवायच्या छोट्या पोकळ बोंडावर. ती वाजली की जाळ निपलच्या बारीक भोकातून खाली उतरतो, आत वळण घेतो, ब्रीचच्या, म्हणजे नळीमागच्या भागाच्या, मधोमध बाहेर पडतो आणि पुंगळीच्या बुडाला असलेल्या छोट्या भोकातून दारूपर्यंत पोचतो. तोफेला बत्ती देतात त्या भोकाला आपल्याकडे कान म्हणतात. पळताना शत्रूच्या हाती तोफ लागू नये म्हणून तिच्या कानात खिळा ठोकायचे. पुंगळीच्या या भोकालाही मी कानच म्हणतो. तर वाटेवर तीन दारं: निपल, ब्रीचमधलं वळण, पुंगळीचा कान. एकाला जरी कडी लागली तरी बार फुसका.

स्मिथची आणखी एक खोड आहे. तिचं चेंबर, म्हणजे पुंगळी बसायची जागा, अर्धं नळीत आणि अर्धं ब्रीचमध्ये. दुनळी उघडते तशी ही बंदूक मधोमध उघडते ती नेमकी चेंबरच्या पोटातूनच. म्हणजे जोडावर दट्ट्याचं काम पुंगळीच करते. बार उडाला की तिची भिंत क्षणभर फुगते, जोड दाबून धरते आणि पुन्हा आकसते. गिल्बर्ट स्मिथने १८५७ मध्ये पेटंट घेतलं तेव्हा हे ओळखूनच काडतूस रबराचं योजलं होतं. रबर जोड छान झाकायचं, पण चिकटून बसायचं. पुढे धातूच्या पत्र्याची आणि कागदाची काडतुसं आली. युद्धात अशा सुमारे ३०,००० कार्बाइन सरकारने घेतल्या. आज आपण तेच काम पितळेकडून किंवा काळ्या प्लॅस्टिककडून करून घेतो.

त्या काळातली मेनार्ड कार्बाइन याबाबतीत शहाणी. एडवर्ड मेनार्ड हा वॉशिंग्टनचा दंतवैद्य. दाढेत काय अडकतं आणि कसं उपटायचं हे त्याला कळत असावं, कारण त्याने पितळी पुंगळीच्या बुडाला रुंद चकती जोडली. बोटांनी धरून ओढली की बाहेर. तुमच्याकडे मेनार्ड असेल तर खालचं बहुतेक सगळं लागू आहे, अडकण्याचा भाग सोडून.

आता तपासणी. क्रम बदलू नका. लोक पहिल्याच दिवशी बंदूक दुरुस्तीवाल्याकडे नेतात आणि तो पैसे घेऊन निपल पुसून देतो.

१. केप नीट बसली आहे का

फुकटची तपासणी. पहिल्या घोड्याला केप वाजली नाही आणि दुसऱ्याला वाजली, तर दारूचा किंवा पुंगळीचा काही दोष नाही. केप निपलवर पूर्ण खाली बसली नव्हती. पहिल्या फटक्याने ती बसली, दुसऱ्याने वाजली. निपलच्या टोकावर काजळीचा थर असतो, त्यामुळे केप अर्ध्यावर अडते. ओल्या फडक्याने निपल पुसा आणि केप अंगठ्याने सरळ दाबून बसवा. अंगठा दाबताना नळी समोरच, हे सांगायला नको.

केप वाजली पण फटाकडीसारखी मऊ वाजली, तर डबा दमट झालाय. दुसऱ्या डब्यातली लावून बघा.

२. पानाची परीक्षा

रेंजवर, बंदूक रिकामी, पुंगळीही नाही. बंद करा, केप लावा, नळीचं तोंड गवताच्या पात्यापासून वीतभर अंतरावर जमिनीकडे धरा आणि चाप ओढा. पातं हललं पाहिजे. हललं तर निपल आणि ब्रीचमधली वाट मोकळी आहे, आणि दोषी पुंगळी किंवा तिच्यातला माल. नाही हललं तर वाट तुंबली आहे.

आता हीच परीक्षा रिकामी, धुतलेली पुंगळी आत बसवून करा. दारू नाही, गोळी नाही, नुसती पुंगळी. पातं पुन्हा हललं तर कानही मोकळा. पहिल्यांदा हललं आणि दुसऱ्यांदा नाही, तर कान बुजलाय. याहून स्पष्ट साक्ष कुठली?

दोन केपांच्या खर्चात बंदूक की काडतूस हा वाद मिटतो. मला ही युक्ती तुकडीतल्या एका म्हाताऱ्या सुताराने दाखवली, आणि त्याआधी मी अख्खा हंगाम बंदुकीला शिव्या घालत होतो.

सकाळचा पहिलाच बार फुसका जात असेल तर कारण बहुधा इथेच आहे. मागच्या वेळी साफसफाई करून तुम्ही तेल लावलंत, बंदूक उभी ठेवलीत, तेल ओघळत निपलच्या वाटेत येऊन बसलं. दारू भरण्याआधी दोन केप नुसत्या उडवायच्या: तेल जळून जातं. आणि बंदूक नळी खाली करून ठेवायची.

३. पुंगळ्यांना नंबर घाला

मला सगळ्या लेखातून एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर ही सांगितली असती.

फुसका बार गेला की माणूस चिडतो, पुंगळी बाहेर काढतो आणि बाकीच्या चाळीस पुंगळ्यांत टाकून देतो. मग ती पुढच्या महिन्यात पुन्हा दगा देते आणि आपल्याला वाटतं, बंदूक लहरी आहे. बंदूक लहरी नसते, चाळिसांतल्या तीन पुंगळ्या नाठाळ असतात.

बाजूच्या भिंतीवर, तोंडाजवळ, कायम शाईच्या मार्करने नंबर लिहा. धुतल्यावर पुसट होतो, पुन्हा लिहा. बुडावर पंच ठोकून आकडा उमटवू नका. मी सुरुवातीला तो उद्योग केला होता. पंचने धातूची कड उचलली जाते, बूड ब्रीचला सपाट टेकत नाही आणि फटीतून जाळ निसटतो. म्हणजे आजार शोधायला गेलो आणि नवा लावून आलो.

खिशात छोटी वही ठेवा. फुसका, उशिराचा किंवा धुराचा बार झाला की पुंगळीचा नंबर आणि दिवसातला कितवा बार, एवढंच लिहायचं. दोन-तीन खेपांनंतर पान स्वतः बोलायला लागतं. तेच ते नंबर पुन्हा येत असतील तर दोष पुंगळीत. नंबर वेगवेगळे पण सगळे दहाव्या-बाराव्या बारानंतरचे, तर दोष साठणाऱ्या काजळीत. मधेच निपल आणि ब्रीचची बाजू ओल्या फडक्याने पुसायची सवय लावा. नंबर वेगवेगळे आणि सगळे एकाच दिवसाचे, तर त्या दिवशी भरताना काहीतरी चुकलं किंवा पुंगळ्या ओल्या होत्या.

माझ्या वहीत सात नंबर चार वेळा होता. तिच्याबद्दल पुढे येतोच.

४. कानातून उजेड बघा

पुंगळी रिकामी, धुतलेली. खिडकीकडे तोंड करून डोळ्याला लावा आणि तळाशी बघा. सुईच्या नेढ्यातून दिसावा तसा स्वच्छ, गोल उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. ठिपका चंद्रकोरीसारखा दिसला तर आत कीट आहे. अजिबात दिसला नाही तर ती पुंगळी भरलीत कशी, हा प्रश्न स्वतःला विचारा.

आणि एक फसवा प्रकार आहे. ठिपका दिसतो, पण थरथरतो, चमकतो, जणू आत भिंग बसवलंय. ते पाणी आहे. कान इतका बारीक की धुतल्यावर एक थेंब त्यात पडद्यासारखा अडकून राहतो. बाकीची पुंगळी कोरडी ठणठणीत, कानात मात्र थेंब. त्यावर दारू पडली की तळाचे दाणे भिजून चिखल होतो, आणि केपचा जाळ त्या चिखलावर विझतो. दुसऱ्या केपला बार का उडतो? पहिलीने चिखल वाळवलेला असतो म्हणून.

कीट असेल तर पाण्यात भिजवून तांब्याची तार किंवा पाइप साफ करायची केसाळ काडी घालून काढा. पोलादी ड्रिल फिरवू नका. हातातल्या हातात कान मोठा होतो आणि मग दाब उलट्या वाटेने घोड्याकडे येतो.

५. तेल, मेण, रवा

काडतूस आणि चरबी हे शब्द जवळ आले की आपल्याला एनफिल्ड आणि १८५७ च आठवणार. योगायोग असा की स्मिथच्या पेटंटचं सालही तेच. गोळीला वंगण लागतंच, नाहीतर काळ्या दारूची काजळी नळीत दगडासारखी बसते. मी मधमाशीचं मेण आणि ऑलिव्ह तेल वापरतो. पण व्हर्जिनियातल्या जुलैत बंद गाडीच्या डिकीत भरलेल्या पुंगळ्या दोन तास राहिल्या की वंगण पातळ होऊन दारूत उतरतं. मग बार उशिरा तरी होतो किंवा होतच नाही. वंगणात मेण वाढवा, पुंगळ्या थंड पेटीत ठेवा, आणि शक्य तर महिनोन् महिने भरून ठेवू नका.

दुसरी गोष्ट रव्याची. काळ्या दारूत आणि गोळीत पोकळी राहता कामा नये. राहिली तर दाब भलत्याच जागी चढून नळी फुगू शकते. पुंगळी मोठी आणि दारू कमी असेल तर मधली जागा भरायला इथले नेमबाज ‘क्रीम ऑफ व्हीट’ वापरतात. पहिल्यांदा डबा उघडून पाहिला तेव्हा मी हसत सुटलो: हा तर आपला रवा! आता आमच्या स्वयंपाकघरात दोन डबे आहेत, एकावर बायकोने ‘उपमा’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘बार’. गंमत सोडा, पण रवा हवेतला दमटपणा ओढतो, गोळे धरतो आणि तो दमटपणा शेजारच्या दारूला देतो. बरणी घट्ट झाकणाची हवी. आणि तो दारूच्या वरच असायला हवा. भरताना क्रम चुकून तळाशी गेला तर कानाला बूच बसलंच. किती दारू, किती रवा हे बंदुकीच्या आणि पुंगळीच्या उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहा, माझ्यासारख्याच्या लेखात नाही.

६. धुणं आणि वाळवणं

माझ्या हाताखालून गेलेली बहुतेक दुखणी शेवटी इथे येऊन थांबली, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भाग घन रूपात मागे उरतो. जो ढग आपल्याला एवढा आवडतो तो याच राखेचा. तिच्यात पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतलं पाणी ओढतात, ओले होतात आणि पितळ खायला लागतात. सोबत गंधकाची संयुगं, म्हणून सडक्या अंड्याचा वास. रेंजवर असतानाच उडवलेली पुंगळी साबणाच्या पाण्याच्या बरणीत टाका. वाळलेली राख तळाच्या कोपऱ्यात सिमेंट होते, ओली असताना बोटभर ब्रशने निघते.

बरणी मात्र त्याच संध्याकाळी रिकामी करा. मी एकदा ती डिकीत विसरलो. आठवड्याने झाकण उघडलं तेव्हा पाणी शाईसारखं, पुंगळ्या हिरव्याकाळ्या, आणि वास असा की बरणी अंगणात नेऊनही शेजारच्या कुत्र्याने तोंड फिरवलं.

घरी कोमट पाणी, भांड्यांचा साधा साबण, बाटली धुवायचा ब्रश. तीनदा स्वच्छ पाणी. बस. प्लॅस्टिकच्या पुंगळ्या उकळत्या पाण्यात टाकू नका, तोंड वाकडं होतं.

आता मराठी माणसाला हमखास सुचणारा प्रकार: चिंच. पितळेचा तांब्या चिंचेने झळकतो तर पुंगळी का नाही? झळकेल. एक मिनिट लावून लगेच धुतलीत तर फारसं बिघडतही नाही. पण आंबटात भिजत ठेवलीत तर पितळेतलं जस्त विरघळतं आणि पृष्ठभागावर गुलाबी छटा येते, ती तांब्याची. देवघरातल्या तांब्याला त्याने फरक पडत नाही, कारण त्याच्या आत बार उडवायचा नसतो. पुंगळी गुलाबी दिसायला लागली तर ती कमकुवत झाली असं धरा. चकचकीत करायच्या पुडीने घासू नका, दर खेपेला भिंत थोडी पातळ होते. पुंगळी काळपट तपकिरी दिसली तर दिसू दे.

आणि अमोनिया असलेलं काच पुसायचं किंवा पितळ उजळायचं द्रावण अजिबात नको. याची गोष्ट थेट हिंदुस्थानातली आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत साठवलेली असत, आणि ती कुणी हात न लावता तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून घडवताना धातूत अडकलेला ताण, या तिघांनी मिळून ते घडायचं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचं कारण उलगडून दाखवलं. तडा केसासारखा बारीक असतो, धुताना दिसत नाही, बार उडाल्यावर दिसतो.

वाळवताना पुंगळ्या तोंड खाली करून ठेवायच्या, पण सपाट फडक्यावर नाही. तोंड बंद झालं की आतली वाफ जाणार कुठे? मी जाळीवर ठेवतो. प्रत्येकीच्या बुडावर तोंडाने जोरात फुंकर, कानातला थेंब उडावा म्हणून. मग रात्रभर पंख्याखाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकेक खिडकीकडे धरून. घाई असेल तर केस वाळवायचं यंत्र चालतं. गॅसच्या ज्योतीवर शेकू नका: पितळ तापून नरम पडतं, आणि नरम बुडाची पुंगळी वापरायची नसते.

७. जोडातून धूर, आणि अडकलेली पुंगळी

धूर दिसला की आधी चेंबर बघा. नळीच्या अर्ध्यात जोडाजवळ काजळीचं कडं जमतं, पुंगळी पूर्ण आत जात नाही, बंदूक बंद झाल्यासारखी वाटते पण केसभर फट राहते. ओलं फडकं बोटाला गुंडाळून ते कडं काढा. बंदूक बंद धरणारी वरची पोलादी पट्टी खुंटीवर पूर्ण बसते का, तेही पाहा. बहुतेकांचा धूर इथेच थांबतो.

थांबला नाही तर कॅलिपर हवं. एक नवी कोरी पुंगळी आणि संशयित पुंगळी शेजारी ठेवून लांबी आणि मधल्या पोटाची जाडी मोजा. जोड ज्या जागी येतो तिथे जुन्या पुंगळीवर पुसट कंकण उमटलेलं असतं. त्यावर नख फिरवा. नख अडकलं तर पुंगळी बाद. प्लॅस्टिकचं तोंड चिरलं असेल तर तीही बाद. डागडुजी नाही, डिंक नाही, टेप नाही. नवी पुंगळी एका जेवणाच्या पैशाहून स्वस्त मिळते.

माझी सात नंबरची पुंगळी इथे सापडली. कान स्वच्छ, लांबी बरोबर, पण बूड किंचित कललेलं. आरशावर उभी केली तर डुगडुगायची. जाळ कानात शिरण्याआधी बाजूने पसरत होता. आता ती माझ्या टेबलावर पेन्सिल ठेवायला आहे.

अडकलेली पुंगळी उडालेली असेल तर घाई नको. थोडं पाणी सोडा, दोन मिनिटं थांबा, तोंडाकडून लाकडी काठीने हलके ढकला. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलीत तर चेंबरच्या कडेला ओरखडा पडेल आणि पुढची प्रत्येक पुंगळी तिथेच अडकेल. त्या काळी गॅलॅगर कार्बाइनच्या स्वारांनी अडकणाऱ्या पुंगळ्यांना पुरेशा शिव्या दिलेल्या आहेत, आपण भर घालायला नको. पुंगळी न उडालेली असेल आणि हाताने येत नसेल तर काठीसुद्धा लावू नका. तिथे तुमचं काम संपलं.

८. निपल

एवढं करूनही फुसके बार चालूच असतील तर नवा निपल घ्या. वापराने त्याचं भोक जळून रुंद होतं. खूण अशी: बारानंतर घोडा आपोआप थोडा मागे उचललेला दिसतो किंवा केपच्या चिंध्या उडून हाताला लागतात. नेमक्या मापाची निपलची किल्ली वापरा, पक्कड नाही. आटे चुकवून पिळलात तर पाच मिनिटांचं काम कारागिराकडे जातं. बसवताना आट्यांना ग्रीसचा पुसट हात, म्हणजे पुढच्या वेळी निघेल.

९. इथे थांबा

खालच्यांपैकी काहीही दिसलं तर बंदूक रिकामी करा, म्यानात घाला आणि काळ्या दारूच्या बंदुका जाणणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडे जा. आधुनिक रायफली करणाऱ्या प्रत्येकाला या जमत नाहीत, आधी विचारून घ्या.

बंद केल्यावर बिजागरी हाताला हलते. वरची पट्टी खुंटीवर सैल बसते. ब्रीचच्या भोकाभोवती खड्डा पडलाय किंवा चर गेलाय. निपलचे आटे झिजलेत. घोडा अर्ध्या खाचेवर टिकत नाही. नळीवर कुठेही फुगवटा जाणवतो. नळीत गोळी अडकली आहे. पानाची परीक्षा स्वच्छ निपल असूनही नापास होते, म्हणजे आतलं वळणच तुंबलंय किंवा चुकीचं कोरलंय. ते ड्रिलने सरळ करणं हे घरचं काम नाही, कितीही चित्रफिती पाहिल्या असल्या तरी. आणि बंदूक १८६० च्या दशकातली अस्सल असेल तर पहिल्या पायरीच्या पुढे स्वतः जाऊच नका. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोखंडाला आतून काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.

जाताना दोषी पुंगळ्या रिकाम्या करून, पण न धुता, बरोबर न्या. काजळी कुठून कुठे गेली हे त्यांच्यावरच लिहिलेलं असतं. मी पहिल्यांदा सगळ्या घासूनपुसून नेल्या आणि कारागिराने डोक्याला हात लावला. नंबरांची वहीही न्या. दुकानात पाऊल ठेवताच बंदूक उघडून रिकामी असल्याचं त्याला दाखवा, मग टेबलावर ठेवा.